दुसऱ्यांदा वाढून घेतलेली भाजी

सोळा वर्षांची असताना मी माझ्या आत्तीला फणसाची भाजी खाऊ घातली आणि ती मटणाची आहे असं सांगितलं. एवढाच माझा पराक्रम. त्यापेक्षा कुणाबरोबर पळून गेले असते तर परवडलं असतं. लोक दोन वर्षं बोलतात आणि तिसऱ्या वर्षी बारशाला येतात. मी केलं त्याला असा काही शेवट नव्हता. तेव्हाची ती पारू आज माझ्यासमोर आली तर मी तिचे दोन्ही कान धरून तिला चुलीपुढं बसवीन आणि विचारीन, "काय गं शहाणे, हसू आलं का?" आलं होतं. तेच तर सांगायचं आहे.

हे आता आठवायला कारण माझी नात सानिका. ती पुण्याला असते आणि दोन वर्षांपासून व्हीगन झाली आहे. मांस-मासे-अंडी आमच्या घरात नव्हतीच, हिनं दूध, दही, तूप आणि मधही सोडला. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "अगं, मग तू जेवतेस का नुसता वास घेतेस?" तिला ते आवडलं नाही. गेल्या महिन्यात ती एक डबा घेऊन आली. वर लालभडक रश्श्याचं चित्र, आत मिठाच्या पाण्यात कच्च्या फणसाचे तुकडे. "आजी, याचा तांबडा रस्सा करून दे ना. सेम मटण लागतं म्हणे." मी करून दिला. तिनं मोबाईलवर त्याचे फोटो काढले, खाल्ला आणि "भारी!" म्हणाली. मी मात्र पळीवरची चवसुद्धा घेतली नाही. "तू का नाही खात?" असं तिनं विचारलं तेव्हा मी दातांचं नाव पुढं केलं. माझी कवळी ऊस सोडून सगळं खाते. नातीशी खोटं बोलले, आमच्या घराची जुनी सवय. त्या सवयीबद्दलही पुढं सांगते.

कोल्हापुरात गूळ बाजाराच्या बाजूला आमची खानावळ होती. पुढच्या खोलीत चार बाकडी, मागच्या खोलीत दोन चुली, त्यामागं मोरी आणि हातभर परसू. पाटीवर 'लिंगायत खानावळ' एवढंच लिहिलेलं. आमच्या भागात तेवढं पुरतं, आत काय मिळणार नाही ते गिऱ्हाइकाला कळतं. बाहेरच्यांना वाटतं कोल्हापूर म्हणजे नुसतं मटण. पण तेच मटणवाले सोमवारी आमच्याकडं यायचे, श्रावणात यायचे, डॉक्टरनं दम दिला की यायचे. आप्पा म्हणजे माझे वडील वाढायचे, अव्वा म्हणजे माझी आई भाकऱ्या थापायची आणि या सगळ्यावर राज्य आत्तीचं.

आत्ती म्हणजे आप्पांची थोरली बहीण, गंगव्वा. नवरा गेल्यावर माझ्या जन्माच्या आधीच माहेरी आली ती कायमची. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. आमच्यात ते लहानपणी गळ्यात येतं ते मातीत जाईपर्यंत. रोज सकाळी तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची आणि ती होईपर्यंत पाण्याचा थेंब नाही. आत्तीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते, तिला उजेड आणि सावली एवढंच कळायचं. तरी अख्खा स्वैपाक ती कानांनी आणि नाकानं चालवायची. भाकरी थापल्याचा आवाज ऐकून आतल्या खोलीतनं ओरडायची, "पारे, पीठ मळलंच न्हाईस तू! भाकरी रडाय लागली बघ." फोडणीत मोहरी तडतडायच्या आधी लसूण पडला तर तिला वासावर कळायचं आणि मग माझी सात पिढ्यांसकट पूजा व्हायची. त्या सात पिढ्या तिच्याही होत्या, हे रागात तिच्या लक्षात यायचं नाही.

तिच्या हातून पाल्याची काडी वाया जात नसे. दोडक्याची भाजी झाली की शिरांची तीळ घालून चटणी. कलिंगडाच्या पांढऱ्या सालीची भाजी, कोथिंबिरीच्या काड्या आमटीत, फ्लॉवरचे दांडे बारीक चिरून झुणक्यात. हुलग्याचं माडगं ती असं करायची की तालमीतली पोरं वाडगा चाटायची. दूध नासलं की शेंगदाणे वाटून त्यांची कढी करायची, आणि ताकाची नाही हे कुणाच्या बापाला कळायचं नाही. सानिका मला मोबाईलवर शेंगदाण्याचं दूध कसं काढायचं ते दाखवते, मी "अगंबाई, हो का" म्हणते.

पण ही बाई माझं कधी कौतुक करायची नाही. गिऱ्हाइकांदेखत म्हणायची, "आज पारीनं केलंय व्हय? वाटलंच. पोरीच्या हाताला चव न्हाय बघा, नुसतीच ताकद हाय." बाकड्यावरचे सगळे हसायचे आणि मी आत चुलीत फुंकर मारत रडायचे, म्हणजे धुरावर ढकलता यायचं. एकदा जयसिंगपूरचे एक व्यापारी जेवून तृप्त झाले आणि बोलून गेले, "आत्ती, समदं झ्याक. पण मटणाची सर न्हाय कशाला." आत्ती म्हणाली, "पावणं, जीभ शिकवाय लागती. माझी सत्तर वर्सं शिकलीया. मटण पुढ्यात आलं तर वासानंच वळखून उठून जाईन मी." ते वाक्य मी ऐकलं आणि मनात ठेवून दिलं. सोळा वर्षांच्या मुलीच्या मनात दुसरं होतंच काय, जागा भरपूर होती.

उन्हाळा निम्मा सरला होता. अव्वा तिच्या आईच्या दुखण्यासाठी कोडोलीला गेली होती आणि चूल माझ्या ताब्यात होती. गारगोटीकडून आलेल्या एका पाहुण्यानं कोवळा फणस आणून टाकला, नारळापेक्षा थोडा मोठा, आत आठळीसुद्धा धरली नव्हती. आत्ती त्याची भाजी मोहरी आणि ओलं खोबरं घालून करायची, पांढरी, सात्त्विक. मी ठरवलं, आज आपण दाखवू. शेजारच्या मालूकाकीच्या घरी बुधवार-रविवार मटण शिजायचं आणि मी त्यांच्या उंबऱ्यावर बसून त्यांचं वाटण बघायचे. सुकं खोबरं काळपट भाजायचं, तीळ, खसखस, कांदा थेट निखाऱ्यावर, मग सगळं पाट्यावर लोण्यासारखं. मी हाताला आणि विळीला तेल लावून फणस सोलला, सालं मालूकाकीच्या म्हशीपुढं टाकली, तुकडे तेलात परतले आणि आमच्याच पाट्यावर ते वाटण केलं. वरून कांदा-लसणाची चटणी सढळ हातानं. शिजल्यावर एक तुकडा बोटांनी दाबला तर त्याचे दोरे सुटले. मालूकाकीकडं पाहिले होते तसेच.

गिऱ्हाइकं उठून गेल्यावर आत्ती जेवायला बसायची. आप्पा जोंधळ्याची पोती बघायला गेले होते. घरात आम्ही दोघीच. तिनं पहिला घास घेतला आणि चावायची थांबली.

"कशाची गं ही?"

"चांगली हाय का?"

"इचारलेलं सांग."

"आधी तू सांग. चांगली हाय का?"

"हाय. वाढ आणिक."

एवढं आयुष्यात पहिल्यांदा. आत्तीनं माझ्या हातची भाजी दुसऱ्यांदा वाढून घेतली, भाकरीच्या तुकड्यानं ताट पुसून काढलं, बोटं चाटली. माझं काम तिथं झालेलं होतं. मी तिथं गप्प बसले असते तर हे प्रकरण लिहायचं कारण उरलं नसतं. पण पारूबाईंना जिंकून भागत नव्हतं, समोरच्याला हरलेलं बघायचं होतं.

"आता सांग," आत्ती म्हणाली.

"मटणाची," मी म्हणाले.

मला वाटलं, आता शिवी येणार, ताट भिरकावलं जाणार, मग मी खरं सांगणार, आणि संध्याकाळी आप्पांपुढं ही गोष्ट रंगवून सांगायची. तसं काही झालं नाही. आत्तीनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "पाणी दे हातावर." मी पाणी घातलं आणि मला हसू फुटलं. तिला दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. ते हसू दाबायला मी मालूकाकीकडं पळाले, तिच्या लेकीला सगळं सांगितलं आणि आम्ही दोघी गोठ्यात बसून पोट धरून हसलो. म्हैस सालं खात होती. तासभर तरी मी तिथं होते.

परत आले तेव्हा आत्ती मोरीत बसली होती. घशात बोटं घालून घालून तिनं सगळं बाहेर काढलं होतं आणि आता नुसतं पिवळं पित्त येत होतं. तिचा गळा मोकळा होता. मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. पन्नास-साठ वर्षं जिथं दोरा होता तिथं कातडीवर एक पांढरी रेघ होती. चांदीची डबी देवळीत ठेवलेली.

"आत्ती, फणस हुता गं! मी चेष्टा केली."

तिनं पुन्हा चूळ भरली.

"खरंच फणस हुता. गारगोटीचा. तू हात लावून बघितलंस की सकाळी!"

"सकाळचा हुता फणस," ती म्हणाली. "दुपारचं काय हुतं ते तू सांगितलंस."

आप्पा आले, त्यांनीही सांगितलं. मालूकाकी धावत आली. "आत्ती, देवाशप्पथ फणस हुता! आमच्यात आज मटण शिजलंच न्हाय, मग पोरीला दिलं कुणी? सालटी माझ्या म्हशीनं खाल्ली, पाहिजे तर तिला इचारा!" एरवी यावर आत्ती खदाखदा हसली असती. आत्ती म्हणाली, "मालू, तू पण त्यांच्यातलीच. मला बरं वाटावं म्हणून बोलतीस."

आता आमच्या घरच्या सवयीचं. त्याच्या दोन वर्षं आधी आत्तीचा धाकटा भाऊ, माझा काका, बेळगावकडं वारला. आत्ती तेव्हा तापानं फणफणली होती. सगळ्यांनी ठरवलं, तिला सांगायचं नाही. ताप उतरला तरी सांगायचा धीर कुणाला होईना, आणि दोन महिने काकाची पत्रं येत राहिली. ती पत्रं मी वाचायचे. हातात वाण्याच्या पुडीचा कागद धरून मी मेलेल्या माणसाची खुशाली वाचली आहे. "अक्काला नमस्कार. इकडं पाऊसपाणी बरं हाय. माझी काळजी करू नये." फार सुरेख वाचायचे मी, मध्येच अक्षर लागत नाही असं दाखवून अडखळायचेसुद्धा. शेवटी तिला ते बाजारात परक्या माणसाकडून कळलं. तेव्हा ती रडली आणि आम्हाला काहीच बोलली नाही. आता मोरीच्या दगडावर बसून बोलली.

"पारे, काकाची पत्रं कोण वाचत हुतं?"

आप्पा भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

लिंग हातात घेतल्याशिवाय पूजा नाही आणि पूजेशिवाय अन्न नाही. बाटलेल्या हातानं मी त्याला शिवणार नाही, असं आत्तीनं सांगितलं आणि भिंतीला टेकून बसली. दुसऱ्या दिवशी आमच्या घराचे गुरू, जंगम स्वामी आले. शांत, म्हातारे, दम्याचे. त्यांनी समजावलं, "गंगव्वा, चुकून घडलं त्याचा दोष न्हाई. विभूती लावतो, तीर्थ देतो, डबी बांध." आत्ती म्हणाली, "स्वामी, चुकून पयला घास. दुसऱ्यांदा मी मागून घेतलं. मला आवडलं ते. माझ्या सत्तर वर्सांनी एका घासात पाठ दाखवली. त्याला काय तीर्थ हाय तुमच्याकडं?" स्वामींनी विभूती परत झोळीत ठेवली. मला मात्र तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी नेमकं काय मोडलं होतं.

तो फणसच होता हे पटवायचा एकच मार्ग होता, तीच भाजी पुन्हा करून तिला चाखवायची. आप्पा पहाटेच्या एसटीनं गारगोटीला गेले. कोवळ्या फणसांचे दिवस संपत आले होते. दोन दिवस ते वाडी-वाडी हिंडले. इकडं आत्तीच्या ओठांवर पापुद्रे धरले. मी ओलं फडकं लावायला जायचे तर ती तोंड फिरवायची, रागानं नव्हे, अगदी हळू. अव्वा कोडोलीहून परत आली, तिनं मला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि चुलीशी जाऊन बसली. खानावळ बंद होती. भाकरीचा आवाज नाही, फोडणीचा वास नाही, "पारे" म्हणून ओरडणं नाही. त्या तीन दिवसांत मला मालूकाकीच्या म्हशीचं रवंथ करणंसुद्धा भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

चौथ्या दिवशी आप्पा फणस घेऊन आले. थोराड होता. त्यांनाही कळत होतं, मलाही. पण दुसरा मिळाला नव्हता. मी तो आत्तीच्या मांडीवर दिला. तिनं काट्यांवरून हात फिरवला. तिच्या बोटांना चीक लागू दिला, म्हणजे उद्या कुणी म्हणू नये की हे दुसरंच काही. तिच्यासमोर चिरला, तिच्या कानाशी खोबरं भाजलं, तिच्या पायाशी पाटा ठेवून वाटण केलं. सगळं घर आणि दाराशी मालूकाकी उभी. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडं बघत होतो. भाजी झाली. पूजा नसताना खाणार नाही, चव बघून थुंकीन, असं ती म्हणाली. मी तुकडा तिच्या जिभेवर ठेवला.

तिनं बराच वेळ तो तोंडात घोळवला. मग हातावर काढला.

"ही नव्हं," ती म्हणाली.

आणि खरंच ती नव्हतीच. फणस जून झाला होता, आठळी धरली होती, गरात गोडसरपणा उतरला होता, दोरे चिवट झाले होते. आत्तीची जीभ खोटं कसं बोलेल? आयुष्यभर ज्या जिभेनं तिला कधी फसवलं नव्हतं तिनंच आता साक्ष दिली की त्या दुपारी ताटात फणस नव्हता. मी तिला सोडवायला गेले आणि गाठ पक्की करून आले. आप्पा तिथंच उंबऱ्यावर बसले आणि मोठ्यानं रडले. मी त्यांना रडताना तेवढंच पाहिलं.

त्या दिवशी संध्याकाळी स्वामी पुन्हा आले. त्यांनी काही विचारलं नाही. डबी देवळीतून काढली, आत्तीची मूठ उघडली, लिंग तिच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, "तू त्याला सोडलंस. त्यानं तुला सोडलंय का, ते त्याला इचार." आत्तीनं त्याच्यावरून अंगठा फिरवला. मग तिनं पूजा केली आणि पाणी प्यायली. आम्हाला वाटलं, सुटलो. पण तिनं स्वतःचा निवाडा स्वतः केला होता. त्या दिवसापासून ती फक्त जोंधळ्याच्या कण्या खाऊ लागली, पाण्यात शिजवलेल्या. मीठ नाही, तिखट नाही, ताक नाही. जिभेनं केलं, जिभेनं फेडावं. आणि त्या कण्या मीच करायच्या, असं तिनं सांगितलं. शिक्षा म्हणून का, ते मी कधी विचारलं नाही.

खानावळ उघडली, पण आतल्या खोलीतून कुणी ओरडत नव्हतं. अव्वानं विचारलं, "वन्सं, आमटीत मीठ बघता का?" तर म्हणायची, "माझ्या जिभंला आता काय कळतंय." गिऱ्हाइकं बोलून दाखवायची, चव गेली. मी रोज दुपारी वाडगा घेऊन बसायचे आणि चमचा चमचा भरवायचे. पावसाळाभर ती उतरत गेली. गणपती बसायच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी पूजेला बसली आणि उठली नाही. लिंग तळहातावरच होतं. तसंच ठेवून, आमच्या रीतीप्रमाणे, तिला बसलेली मातीत दिली. डॉक्टरनं वयाचं कारण सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. पण मी त्या कण्या शिजवल्या होत्या, मला दुसरं कारणही ठाऊक आहे.

त्यानंतर मी उभ्या जन्मात हजारो माणसांना जेवू घातलं. खानावळ पुढं मीच चालवली, आणि लोक नाव काढतात, हे खोटं सांगत नाही. पण फणस घरात आला की मी तो शेजारी देऊन टाकायचे. सानिकाचा डबा उघडला तो इतक्या वर्षांतला पहिला. ती भांडं पुसून खात होती तेव्हा मला तो आवाज ओळखीचा वाटला, भाकरीनं ताट पुसल्याचा.

आत्ती जायच्या महिनाभर आधीची एक दुपार. मी कण्या भरवत होते. अर्ध्यावर तिनं माझं मनगट धरलं. हाताला वजनच उरलं नव्हतं. तिनं कान देऊन बाहेर कुणी नाही ना ते ऐकलं आणि माझ्याकडं तोंड करून म्हणाली,

"मटण असू दे न्हाईतर फणस. तुझ्या हाताला चव हाय, पारे. लई चव हाय. मी उगंच न्हवती दुसऱ्यांदा मागितली. देवाला तू यातलं काय सांगू नगंस, माझं मी सांगतो."